डावी म्हणजे कुणाची डावी?

भोवरा हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण घरात सगळे तिला तेच म्हणत, आणि उगीच म्हणत नसत. डावं-उजवं या दोन शब्दांशी तिचं जन्माचं वाकडं. त्यात बाबांचा गाडी शिकवायचा क्लास! पोटच्या पोरीला त्यांनी हौसेनं स्टिअरिंगवर बसवलं, "डावीकडे घे" म्हणाले, आणि हिनं गाडी थेट उजवीकडच्या सलूनच्या दारात घातली. आत एकाची अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी करायला तो पुन्हा त्या सलूनची पायरी चढला नाही म्हणतात.

त्याच संध्याकाळी तिनं जाहीर करून टाकलं, "मी जनावरांची डॉक्टर होणार. जनावर आपलं आपण वळतं."

आईनं कपाळाला हात लावला. पण पोरगी जिद्दीची. प्रवेश मिळवला, हॉस्टेलवर गेली, शेणावरून घसरून पडली, बोकडाच्या ढुशा खाल्ल्या, हाडांची नावं घोकघोक घोकली. घोडं अडलं ते गाईपाशी. गाईचं मोठं पोट, म्हणजे कोठीपोट, असतं डाव्या कुशीला. तिथं स्टेथोस्कोप लावला की छान गडगड ऐकू येते. पण डावी म्हणजे गाईची डावी! आपण गाईच्या तोंडासमोर उभे राहिलो की ती येते आपल्या उजव्या हाताला. झालं! पहिल्या परीक्षेत भोवऱ्यानं ठणठणीत गाईचं पोट बंद पडल्याचं सांगितलं आणि नापास झाली.

बाबांनी फोनवर निक्षून सांगितलं, "या खेपेलाही नापास झालीस, तर बोऱ्याबिस्तर गुंडाळ आणि क्लासमध्ये फॉर्म भरायला बस." जन्मभर फॉर्म भरण्यापेक्षा शेणात पडलेलं काय वाईट होतं?

दुसऱ्या परीक्षेला मैत्रिणीनं तिच्या डाव्या हातावर पेनानं ठळक 'डा' लिहून दिला. हात हिचा, कूस गाईची. उपयोग काय, कप्पाळ!

परीक्षक सर म्हणजे भलतं कडक प्रकरण. "हं, कोठीपोट ऐका," ते म्हणाले. भोवरा गाईसमोर उभी राहिली, 'डा' बघितला आणि ऐटीत गाईच्या उजव्या कुशीला गेली. गोठा सांभाळणारे मामा दोनदा खाकरले. यांना सर्दी झालीय, असं तिला वाटलं.

तिनं खाली वाकून स्टेथोस्कोप टेकवला. गडगड नाहीच. भलतंच काहीतरी, भराभरा, धडधड धडधड. आणि तेवढ्यात तिच्या हाताला धक्का बसला.

"सर, आत काहीतरी धडधडतंय. आणि मला लाथ बसली."

"गाय तर उभी आहे गप."

"गाईनं नाही सर. आतून."

सर खो खो हसले. "अहो बाई, ही उजवी बाजू! आणि ही गाय गाभण नाही. सहा महिन्यांपूर्वी मी स्वतः तपासून कागदावर लिहिलंय."

चुकलं म्हणून हात जोडायचे आणि सुटायचं, एवढंच खरं तर उरलं होतं. पण कानात ते धडधडत होतं ना! "बाजू चुकली सर," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "पण लाथ खरी आहे."

सरांनी वैतागून खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि गाईच्या मागून हात घातला. मग ते तसेच उभे राहिले. वासराचा खूर हाताला लागला होता. कान लालेलाल.

"मामा," ते हात न काढताच म्हणाले, "हिचं पोट वाढतंय असं तुम्ही मला म्हणाला होतात ना?"

"तीनदा म्हणालो सर. तुम्ही म्हणालात, लठ्ठ झालीय, खुराक कमी करा. दोन महिने डाएटवर आहे बिचारी."

सरांनी गुणांच्या कागदावर डाव्या बाजूपुढे शून्य मांडलं, उजवीपुढे पैकीच्या पैकी, आणि भोवऱ्याला पास केलं. ती तिथंच गाईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. संध्याकाळपासून गाईला दुप्पट खुराक सुरू झाला, आणि पहिलं टोपलं सर स्वतः घेऊन आले, खाली मान घालून.