दुर्वाल न्हाव्याची आंघोळ

मिनास प्रांताच्या डोंगरांतल्या आमच्या गावात पाणी शॉवरच्या तोंडातच विजेवर तापतं, आणि नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. त्यावर गावाचा एकच उतारा: रबरी चपला घालून न्हा. शॉवरची अर्थिंगची हिरवी वायर जोडायच्या भानगडीत कोणी पडत नाही. तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली की काम फत्ते.

दुर्वाल न्हावीही उभा जन्म चपला घालूनच न्हाला. मग अर्धांगाचा झटका आला आणि ओल्या फरशीवर चपला घसरू लागल्या. अनवाणी उभं राहावं, तर जावयाने पाण्याच्या पाइपालाच वेल्डिंग करून दिलेल्या आधाराच्या दांडीतून शॉक. शेवटी मुलगी मारिल्दा त्याला खुर्चीवर बसवून बादलीने आंघोळ घालू लागली. ती मायेने करायची, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सारं गाव ज्याच्यापुढे मान खाली घालून बसलं, तो आता लेकीपुढे उघडा बसत होता.

मारिल्दाने झुलेका या वायरमन बाईला बोलावलं. तिने हिरवी वायर अंगणात ठोकलेल्या तांब्याच्या सळईला जोडली. दुर्वालने दांडी धरली आणि झटकन सोडली.

"अर्थिंग झालं म्हणालीस ना? मग हे काय गं?"

"अर्थिंग शॉवरचं झालं, काका. बाँडिंग राहिलं, चुकलंच माझं. विहिरीच्या पंपातून वीज गळतेय, ती पाइपातून या दांडीत येते."

"मला कळेल असं सांग, पोरी."

"पाइप, दांडी, खिडकीचे गज, सगळं तारेने एकमेकांना जोडायचं, आणि मग त्या सळईला. सगळे एका पातळीवर आले की तुमच्या अंगातून जायचं विजेला कारणच उरत नाही."

"माझ्या दुकानासारखं म्हण की. नगराध्यक्ष असो नाहीतर हमाल, खुर्ची एकच."

झुलेकाने पंप दुरुस्त केला, तारा जोडल्या, गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवला, मीटर लावून पाहिलं. तरी दुर्वाल दाराशीच. मग ती बूट काढून कपड्यांनिशी शॉवरखाली उभी राहिली आणि दांडी घट्ट धरली.

"माझी आंघोळ झाली, काका. आता तुमचा नंबर."

त्याने बिचकत दांडी धरली. गार लोखंड, बाकी काही नाही. मारिल्दा सवयीने साबण घेऊन पुढे आली.

"इतके महिने केलंस, बाळा. देव तुझं भलं करो. आता बाहेर थांब."

त्याने आतून कडी लावली. ऊन पाण्याखाली उभा राहून तो लेकीला आणि झुलेकाला मनोमन दुवा देत पोटभर रडला, आणि ते कोणालाही दिसलं नाही.