कडू न लागणाऱ्या गोळ्या

फार्मसी कॉलेजात त्यांना सगळे पेशंटकाका म्हणत. तीस वर्षं त्यांनी तिथलं प्रयोगशाळेचं भांडार सांभाळलं, फुटलेल्या प्रत्येक काचेच्या नळीवरून मुलांची खरडपट्टी काढली, आणि निवृत्त झाल्यावर आठच दिवसांत घरी इतकी लुडबुड केली की काकू हात जोडून म्हणाल्या, "कुठेतरी जाऊन बसा हो, पण माझ्या स्वयंपाकात नाक खुपसू नका."

नेमका तेव्हाच बाईंना एक म्हातारा माणूस हवा होता. बाई त्याच कॉलेजातल्या प्राध्यापिका. वयस्क माणसं औषधं घेताना कुठे चुकतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय, आणि त्यासाठी त्या दोनशे घरं हिंडल्या होत्या. मुलांनी जिवंत माणसाशी बोलायला शिकावं म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत खोटा रुग्ण बसवायचं त्यांनी ठरवलं.

"काका, पाठांतर जमेल का?"

"पाठांतर कशाला? माझी दुखणी काय कमी आहेत? तीच सांगतो की."

काकांना एक गोळी रक्तदाबाची होती, दुसरी रक्त पातळ ठेवणारी. बाईंनी त्यांच्याच रिकाम्या बाटल्या मागवल्या आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनी यंत्रावर दाबलेल्या साखरेच्या गोळ्या त्यांत भरल्या. रंग हुबेहूब तोच, लेबलवर नाव काकांचंच.

काका काय रंगायचे त्या कामात! "सकाळी पांढरी, रात्री पिवळी. एवढंच मला ठाऊक. नावं विचारू नका," असं ते डोळे बारीक करून म्हणत आणि भल्याभल्या हुशार मुलांची बोबडी वळे. एखाद्याने आपुलकीने समजावलं, की परीक्षा संपल्यावर हळूच बाईंकडे वशिला लावत, "त्याला पास करा हो, गुणी आहे."

एकदा जाताना त्यांनी त्या बाटल्यांची पिशवी उचलली. "घरी सराव करतो." बाई घाईत होत्या. "न्या की," त्या म्हणाल्या.

घरी काकूंनी ती पिशवी रिकामी करून औषधांचं कपाट आवरलं. अर्धवट बाटल्या आधी संपाव्यात म्हणून त्या पुढे मांडल्या, नव्या मागे. कुठल्याही नेटक्या बाईने हेच केलं असतं.

पुढच्या परीक्षेला काका पिशवी विसरून आले. बाईंनी दुसऱ्या बाटल्या दिल्या आणि विषय तिथेच संपला. काकांनी ठरलेलं सगळं सांगितलं, वर एक वाक्य जोडलं, "हल्ली गोळ्या कडू लागत नाहीत हो, गोडसर लागतात."

समोरची मुलगी लिहिता लिहिता थांबली. "काका, घरची बाटली आणून दाखवाल?"

हा प्रश्न यादीत नव्हता. वेळ घालवला म्हणून बाईंनी तिचा अर्धा गुण कापला. काकांचं वाक्य मात्र त्यांना इतकं आवडलं की पुढच्या वर्षासाठी त्यांनी ते हसत हसत उतरवून घेतलं. दोनशे घरं हिंडलेल्या बाई, पण शंकेची पाल चुकचुकली नाही ती नाहीच.

त्या परीक्षेनंतर नवव्या दिवशी काका न्हाणीघरात कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. "औषधं बंद केली होती का?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा काकूंनी दुखावून चालू बाटली पुढे केली. एकही दिवस चुकला नव्हता. पुढे ती बाटली तपासणीसाठी बाईंच्या हाती आली. त्यांनी एक गोळी जिभेवर ठेवली. ती गोड लागली.

खरं सांगायचंच, असं ठरवून बाई काकांच्या घरी गेल्या. सांगितलं.

"मीच पुढे मांडल्या हो त्या," काकू म्हणाल्या.

"नाही काकू, भरल्या मी. नेऊही मीच दिल्या." बाईंना रडू आवरेना.

खाटेवर काकांनी मान वळवली. उजवं अंग गेलं होतं, वाचा जवळजवळ गेली होती. बाईंना पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी डोळे बारीक केले.

"स... सकाळी... पांढरी. रात्री..."

"कोणीही आलं तरी एवढंच बोलतात," काकू म्हणाल्या.

"पिवळी," काकांनी कसंबसं पुरं केलं आणि बाईंकडे आशेने पाहिलं. "बरोबर?"

"बरोबर, काका. तुमचं काहीच चुकलं नाही."

काका समाधानाने हसले. परीक्षा संपली होती. मग त्यांचा डावा हात अंथरुणावर चाचपडत राहिला. घरी न्यायला त्यांना ती पिशवी हवी होती.