बेस मी आणतोय

आमच्याकडे बेस म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. महाड-पोलादपूर भागात लग्नाला, पूजेला, जयंतीला स्पीकरचे जे खोके येतात, त्यातले वरचे ते टॉप आणि खालचे, छातीत धडधडणारे, ते बेस. चार टॉप चार बेस असं बोललं की साउंडवाल्याला सगळं समजतं. बेस नावाचं एक वाद्यही असतं, माणसापेक्षा उंच, चार तारांचं, उभं राहून वाजवायचं, आणि ते मी वाजवतो, हे सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता सांगायचा कंटाळा येतो. लोक विचारतात, "मोठं व्हायोलिन काय हो?" मी हो म्हणतो आणि गप्प बसतो.

वाद्य माझ्याकडे आलं ते काकांमुळे. काका मुंबईत एका रेकॉर्डिंग स्टुडिओत शिपाई होते आणि मी त्यांच्याकडे राहून आयटीआय करत होतो. तिथे एक गोव्याचे म्हातारे वादक यायचे. दोन वर्षं मी दर रविवारी त्यांच्याकडे शिकलो. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी डबल बेस माझ्या हवाली केला. "घेऊन जा, घरात जरा जागा होईल," एवढंच म्हणाले. पुढे मला महाडच्या एमआयडीसीत कंप्रेसर हाउसला नोकरी लागली आणि ते धूड दोन गाद्यांमध्ये गुंडाळून टेंपोतून गावी आलं. आईने बघितलं आणि विचारलं, "हे उभं ठेवायचं का आडवं?"

माझी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि आमच्या गायन पार्टीची गायिका. विहारातली, चळवळीची गाणी ती गायची. एक पेटीवाला, एक ढोलकीवाला आणि मागे मी. या सगळ्यात मी माझ्या यंत्रांबद्दल खूप बोलणार आहे, ती माझी खोडच आहे, पण गोष्ट तिच्या आवाजाची आहे.

सुरुवातीला मी मंडपवाल्याचा माइक पंचात गुंडाळून तारांखालच्या लाकडी घोडीत खोचायचो. त्याला सगळंच ऐकू यायचं. ढोलकी, पेटी, टाळ्या, समोर कुणाचं पोर रडलं तर तेही. आणि आवाज जरा वाढवला की वाद्य घुमायला लागायचं. स्पीकरचा आवाज वाद्याच्या पोटात शिरायचा, पोटातून माइकमध्ये, माइकमधून परत स्पीकरमध्ये, आणि मी हात न लावता ते आपलं आपण हुंकार देत राहायचं. कशेडीच्या बाजूला एका वाडीत एक आजी पुढे येऊन म्हणाल्या होत्या, "कोन हाय रे ह्याच्या अंगात? इचारा तरी." सगळे हसले. मीही हसलो, पण परतीच्या वाटेवर मला रडू यायचंच बाकी होतं.

मग घोडीला लावायचा पिकअप घेतला. बोटाच्या पेराएवढी चकती. लाकडाची थरथर घेते, हवेतलं फारसं काही घेत नाही. तो थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडला, तर पत्र्याच्या डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज. सहा महिने मी त्या चकतीला शिव्या घातल्या. नंतर कळलं की तिचा सिग्नल इतका नाजूक असतो की मिक्सर तो पिऊनच टाकतो. मध्ये प्रीॲम्प नावाची एक डबी लागते, ती त्याला सांभाळून पुढे देते. कंपनीत उभा जन्म मी हवेच्या दाबाच्या लाइनी जोडल्या. बारीक लाइन कुठे जोडावी आणि कुठे जोडू नये, हे तिथे मला झोपेतही कळलं असतं. इथे मात्र डोकं चाललं नाही.

डबी आली. तिच्यावर एक बटण होतं, ते दाबलं की घुमणं कधी थांबायचं, कधी दुप्पट व्हायचं. एका खुंटीने खालची नुसती गडगड कापता यायची. तरी पोटावरच्या दोन्ही भोकांत मी जुन्या बनियनचे बोळे कोंबायचो. पावसाळ्यात लाकूड फुगून पिकअप आवळला जायचा आणि आवाज बसायचा. मार्चमध्ये लाकूड आकसलं की तो सैल होऊन भर गाण्यात खाली पडायचा. शेवटी स्वतःचा ॲम्प घेतला, बारा इंची स्पीकरचा. तो उचलून माझी पाठ गेली ती गेलीच. कुठल्या वाडीत रस्ता घरापर्यंत जातो आणि कुठे पायऱ्या आहेत, हे मी आमंत्रण आल्याबरोबर पहिलं विचारू लागलो.

पण एकदा मी ऐकू आलो. कार्यक्रम एमआयडीसीजवळ होता. संपल्यावर सेकंड शिफ्टला निघालेला एक कामगार युनिफॉर्मवरच माझ्याकडे आला आणि पोटावर हात ठेवून म्हणाला, "तुमचा तो आवाज हितं वाजतो राव." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल काही बोललं होतं. त्या एका वाक्यावर मी वर्षभर हवेत होतो. तेव्हापासून दर कार्यक्रमाला माझ्या ॲम्पची आवाजाची खुंटी थोडी थोडी वर चढू लागली.

आता मला ते सगळं स्पष्ट दिसतं. मी वाढवलं की ढोलकीवाला जोरात वाजवायचा. मग साउंडवाला ताईचा माइक वाढवायचा. माइक शिट्टी मारायचा, म्हणून तो परत खाली यायचा. मग एकच वस्तू उरायची जी शिट्टी मारत नाही, ती म्हणजे ताईचा गळा. ताई त्याच्याच जोरावर आवाज चढवायची. मी तिच्या मागे उभा असायचो. मला तिची पाठ दिसायची, मानेच्या शिरा दिसायच्या नाहीत. शिवाय कंप्रेसरने माझे कान खाल्ले होते. खालचे सूर स्वच्छ ऐकू यायचे, वरचे पुसट.

तिची पट्टी उतरत होती, तेही मी पाहत होतो. काळी चारला गाणारी ताई पांढरी पाचवर आली, मग चारवर, मग तीनवर. पेटीवाल्याने एकदा विचारलं तर म्हणाली, "वय झालं आता, किती ओरडायचं?" आणि मी काय केलं? मी खूश झालो. पांढरी तीन म्हणजे माझी सगळ्यात जाड तार, मोकळी. बोट न लावता नुसती छेडली की आख्खं वाद्य बोलतं. ताई पांढरी तीनवर आली आणि मला आयतंच घबाड मिळालं. हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या घशात कॅमेरा घालून पाहिलं. गाठी निघाल्या. मोठ्याने गायचं नाही, वर्गात ओरडायचं नाही, नाहीतर आवाज जाईल तो परत यायचा नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. मला तिने हे फोनवर सांगितलं, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. तेव्हा आमच्या वाडीतल्या नव्या विहाराचं काम संपत आलं होतं. पौर्णिमेला उद्घाटन, आणि गायला तिनेच हो म्हटलं होतं. "तेवढं करते. आपल्या वाडीचं हाय. हळूच गाईन," म्हणाली. मी म्हटलं, मी सगळी व्यवस्था नीट लावतो, तुला जोर लावावा लागणार नाही. मला खरंच तसं वाटत होतं.

म्हणून पोलादपूरच्या साउंडवाल्याला मी स्वतः फोन केला. तिचा माइक चांगला आण, तिचा आवाज तिला ऐकू यावा म्हणून मॉनिटरचा खोका तिच्या समोर ठेव, असं सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणालो, "बेस मी आणतोय." रेंज येत-जात होती. तो "बरं, बरं" म्हणाला.

वाडी आंबेनळीच्या रस्त्यावरून आत वर आहे. शेवटच्या चढाला गाडी जात नाही. उद्घाटनाला मुंबईहून आलेल्या दोघा भाऊबंदांनी ॲम्प उचलला, मी वाद्य पाठीवर घेतलं आणि सकाळी दहाला घामाघूम होऊन वर पोचलो. विहारासमोर स्टँडवर दोन टॉप लावलेले. खाली काहीच नाही.

"बेस कुठं हायत?" मी विचारलं.

साउंडवाला माझ्या मागे, पायऱ्यांकडे बघत म्हणाला, "तुमीच आनताव ना? फोनवर बोललाव, बेस मी आनतोय. मंग मी टेंपोत घातलेच नाय."

मी पाठीवरच्या वाद्याकडे बोट केलं. त्याने ते वरून खालपर्यंत पाहिलं. "ह्याला बेस बोलतात?" ढोलकीवाला तिथेच पायरीवर बसून पोट धरून हसू लागला. मला हसू आलं नाही. मी चिडलो होतो, साउंडवाल्यावर, रेंजवर, जन्मभर समजावून न समजलेल्या त्या एका शब्दावर. दोन टॉपमधून माझा आवाज दिला असता तर ते फाटले असते. मुकाट्याने माझा ॲम्प एका प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला आणि खुंटी अगदी खाली केली. ढोलकीवाल्यानेही हात आवरला. आजचा दिवस वाया गेला, असं माझ्या मनात चाललं होतं. ताई पांढऱ्या साडीत समोर माइक तपासत होती, आणि मला काळजी पडली होती माझ्या दिवसाची.

वंदना झाली. ताईने पहिलं गाणं घेतलं. पहिल्याच ओळीला टॉपमधून खरखर यायला लागली. मी साउंडवाल्याला खूण केली, वायर बदल. त्याने मान हलवली. मी परत खूण केली. त्याने दोन्ही हात वर करून दाखवले आणि मग हळूच, कुणाला दिसणार नाही असं, बोटाने ताईकडे दाखवलं.

वायरला काही झालं नव्हतं. ती खरखर तिची होती. माझे हात वाजवत राहिले, सवयीने. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज असा उघडा ऐकला नव्हता. अंतऱ्याला ती वर गेली, तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. समोरच्या बायकांना वाटलं, ओळ आपल्याला दिली आहे. त्यांनी ती उचलली आणि जोरात म्हटली. ताईने हसून हात वर केला, जणू तसंच ठरलं होतं. सहा गाणी ठरली होती, तिने तीन म्हटली. टाळ्या भरपूर झाल्या.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा ती विहाराच्या मागच्या कट्ट्यावर एकटीच कोमट पाण्याचा पेला घेऊन बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"कधीपासनं असं हाय?"

"दोन-तीन वर्षं झाली असतील."

"मला कळलंच नाय गो, ताई."

"कसं कळणार? तेवढ्या आवाजात मलाच नीट कळत नव्हतं. आज ऐकलं मी." ती पाणी प्यायली. "आता नाय गायची मी. संपलं ते."

"असं म्हणू नकोस" म्हणायचं तोंड मला नव्हतं. मी विचारलं, "माझ्यामुळं झालं का?"

तिने माझी समजूत घातली असती तर बरं झालं असतं. पण ती शिक्षिका आहे, चुकलेल्या गणिताला ती बरोबरची खूण करत नाही. "वर्गात पण ओरडलेच ना एवढी वर्षं," ती म्हणाली. "पण हो. तुझ्यामुळं पण."

"मग बोलली का नाय? एकदा तरी सांगायचं, कमी कर म्हणून. मी केलं असतं."

"केलं असतंस, माहीत हाय मला. दरवेळी वाटायचं, आज सांगू. मग मागं वळून बघायचे तुझ्याकडं." तिने पेला खाली ठेवला. "एवढी वर्षं मागं उभा राहून वाजवलंस रे. कोणाला कधी ऐकू आलं नाय. आता कुठं यायला लागलं होतं, तर मीच कशी सांगू तुला, कमी कर म्हणून?"

हे ती इतक्या बसक्या आवाजात बोलली की मला तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकावं लागलं.