पालथ्या ट्रेची केस

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी एखादी केस सांगा म्हटलं की मला आधी बिअरचा एक जुना ट्रे आठवतो. लोक हसतात. हसू देत. या केसचा मला जितका अभिमान आहे, तितका छातीवरच्या पदकाचाही नाही.

तेव्हा मी जबलपूरला ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून रोजनामच्यावर सही करत होतो, तेवढ्यात कांचघरकडच्या एक निवृत्त शिक्षिका कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीतून पत्र्याचा गोल ट्रे काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यावर संगमरवरी खडक, मधून जाणारी होडी आणि कडेने इंग्रजीत एका ब्रुअरीचं नाव.

"साहेब, हा माझा ट्रे नाही," त्या म्हणाल्या. "किती जुना आहे ते विचारायला माझा एका जुन्या वस्तूवाल्याकडे ठेवला होता, तो त्यानं ठेवून घेतला अन् हा दिला. वर म्हणतो, जबलपुरात अशी ब्रुअरी कधी नव्हतीच, तुमच्या आजोबांनी बनावट गोष्ट सांगितली. माझे आजोबा काहून खोटं बोलतील?"

हवालदार माझ्या कानाशी लागला, "सर, बियर की थाली के लिए एफआईआर?" मी त्याला चहा सांगायला पाठवलं.

बाईंनी सांगितलेली हकीकत अशी. गोऱ्या पलटणी छावणीत होत्या तेव्हा त्यांच्यासाठी इथे एक ब्रुअरी चालायची. विदर्भातून आलेले बाईंचे आजोबा तिथे जवाच्या कोठीवर होते. जव भिजवायचा, मोड आणायचे, भट्टीवर वाळवायचा. मोड जरा जास्त वाढले की सगळा घाणा वाया. हे आजोबांच्या नजरेवर चालायचं. स्वतः मात्र कधी थेंब घेतला नाही. तरी नात्यात त्यांना 'दारूवाले' म्हणत, पंगतीत कोपऱ्यातलं पान देत. पलटणी गेल्या, ब्रुअरी बंद झाली. जाताना तिथल्या गोऱ्या साहेबाने आजोबांना तो ट्रे दिला. आजीने तो टाकला नाही, पण सरळही ठेवला नाही. चित्र खाली करून पालथ्या बाजूवर ती सांडगे घालायची.

"मग हा तुमचा नाही हे कशावरून?" मी विचारलं.

त्यांनी ट्रे उलटा केला. मागे टिंबाटिंबांनी आजीच्या नावाची तीन अक्षरं होती. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, तशीच. "अक्षरं तीच आहेत. पण आमच्या ट्रेवरची टिंबं बोटाला लागतात, ही लागत नाहीत. लहानपणापासून सांडगे उचलून राहिली मी त्यावरून."

न्यायालयात बोटाची साक्ष कोण धरणार? पण शिकवणाऱ्या बाईचा आवाज होता तो, चुकीला चूकच म्हणणारा. मी तक्रार घेतली आणि दुकानदाराला बोलावलं.

गडी मोठा गोडबोल्या. घाम नाही, अडखळणं नाही. "सर, माताजी जो दे गईं, वही लौटाया," म्हणाला. मी ट्रे उलटा करून त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि सहज विचारलं, "ये क्या है?"

"ठप्पा है सर, कारखाने का। हर असली ट्रे पर रहता है।"

मी मान डोलावली. हिंदी मुलखात वाढलेला माझ्यासारखा मराठी माणूस अशा वेळी चेहरा कोरा ठेवायला लवकर शिकतो. जबानी शब्दाशब्दाने लिहून घेतली, त्याची सही घेतली आणि त्याला जाऊ दिलं. खोटं बोलणाऱ्याला मध्येच अडवू नये. तो आपणच आपला खड्डा खोल करत असतो.

पुढे आमच्या खबऱ्याने बातमी आणली. रिछाईच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका शेडमध्ये नवा पत्रा दाबून 'पुराना माल' बनतो, मिठाच्या ओल्या भुशात पुरून त्याला गंज चढवतात आणि माल उचलायला हाच दुकानदार येतो. पंच घेऊन आम्ही छापा घातला. ट्रेंची चळत होती. मी वरचा उलटा केला, मग खालचा, मग त्याखालचा. प्रत्येकावर आजीच्या नावाची तीच तीन अक्षरं! पंचनामा लिहिता लिहिता मला इतकं हसू आलं की पंच घाबरले.

दुकानदाराला ताब्यात घेतलं. तरी तो ठप्प्याचंच पालुपद धरून होता. मग मी बाईंना निरोप पाठवला, घरची जुनी भांडी घेऊन या. त्यांनी टेबलावर परात मांडली, तांब्या मांडला, वरणाचं पातेलं आणि शेवेचा सोऱ्यासुद्धा. सगळ्यांवर तीच अक्षरं.

"बताओ," मी म्हटलं, "इस पतीले में भी बियर बनती थी?"

हवालदार तोंड फिरवून हसला. दुकानदाराने पातेल्याकडे पाहिलं, सोऱ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत खचला. खरा ट्रे त्याच्या घरी सापडला, बाहेरगावच्या शौकिनासाठी बांधून ठेवलेला. मी मागून बोट फिरवलं. टिंबं वाकडीतिकडी, खरखरीत, दारात बसून कुणी हाताने ठोकलेली. बोटाला लागली.

पण बाईंचं काम अजून झालं नव्हतं. मी दुकानदाराला त्यांच्यासमोर उभं केलं आणि विचारलं, ब्रुअरी होती की नव्हती?

"थी, सर। बिल्कुल थी। मेरे दादा वहाँ बैलगाड़ी से जौ पहुँचाते थे।" मग खाली मान घालून बाईंना म्हणाला, "माताजी, आपके दादाजी सच कहते थे।"

बाईंनी ट्रेला हातही लावला नाही. आधी म्हणाल्या, "साहेब, हे वाक्य लिहून घ्या." मी लिहून घेतलं. कागदावर ते उतरेपर्यंत त्या उभ्याच होत्या. मग पदराने डोळे पुसले आणि बसल्या.

न्यायालयाच्या हुकमाने सुपूर्दनामा करून ट्रे त्यांना परत दिला. चोरीचा माल परत देताना पोलिसाला बरं वाटतंच, त्या दिवशी मात्र माझीच छाती फुगली होती. त्या केसने मला शिकवलं की वस्तू ओळखायची तर आधी ती वापरणारं घर ओळखावं. आणि फिर्यादी काय गेलं म्हणतो ते लिहून घ्यावंच, पण त्याला नेमकं काय परत हवंय तेही विचारावं.

निवृत्तीनंतर एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. बैठकीत समोरच्या भिंतीवर ट्रे टांगलेला, खडक आणि होडी झळकत होती, ब्रुअरीचं नाव येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येत होतं. मी म्हटलं, "बाई, आजींची अक्षरं भिंतीकडे गेली की."

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तिचं नाव घरभर आहे. आजोबा पुष्कळ वर्षं तोंड खाली करून बसले होते."