आटलेल्या नदीची शांतता

मी आयुष्यात एकच विज्ञानकथा लिहिली. तेव्हा मी महाडच्या एका शाळेत मराठी शिकवत होते, कविता करत होते, आणि विज्ञानाशी माझा संबंध शिक्षकखोलीत विज्ञानाच्या बाईंशेजारी बसण्यापुरताच होता. कथा साधी होती. तीनशे वर्षांनंतर सावित्री नदी आटली आहे. लोकांना वेड लागू नये म्हणून गावात एक यंत्र बसवले आहे; ते अखंड वाहत्या पाण्याचा आवाज करते. लोक पात्राकडे पाहत नाहीत, फक्त ऐकतात आणि नदी आहे असे मानतात. एका सकाळी यंत्राची निगा राखणारी बाई कळ दाबून ते बंद करते. गाव पहिल्यांदा शांतता ऐकते, आणि कथा संपते.

त्या शांततेच्या अकरा ओळी लिहायला मला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी लागली होती. तापलेल्या गोट्यांचा कोरडा वास, आपल्याच श्वासाची लाज वाटणे, असे बरेच काही तीत होते. कथा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका दिवाळी अंकात आली. बाकीची कथा कोणी मोडूनतोडून नेली असती तरी चालले असते. ती शांतता मात्र मला एकदा, चार माणसांत बसून, कानांनी ऐकायची होती.

पहिले बोलावणे, कथेची श्रुतिका करण्यासाठी, रेडिओ केंद्रावरून आले.

‘‘यंत्र बंद झाल्यावर काय ऐकू येतं?’’ तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारले.

‘‘काहीच नाही.’’

‘‘किती वेळ?’’

‘‘अर्धं मिनिट.’’

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. ‘‘बाई, अर्धं मिनिट काही ऐकू आलं नाही तर श्रोता रेडिओला थापटतो, सेल काढून उन्हात ठेवतो आणि मला वरून मेमो येतो. शांततेसाठी आपल्याकडे उत्तम बासरी आहे.’’

त्यामुळे नदी आटल्याचे कळताच माझ्या गावात बासरी वाजू लागली, तीही इतकी गोड की दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी विचारले, ‘‘शेवटी त्या दोघांचं जमलं ना हो?’’ कथेत दोघे नव्हतेच.

पुढच्या वर्षी महाडच्या हौशी मंडळींनी स्पर्धेसाठी कथेची एकांकिका केली. दिग्दर्शक कोर्टात वकिली करत, आणि न बोलता जिंकलेला खटला त्यांनी कधी पाहिला नव्हता. ‘‘मॅडम, परीक्षक शांततेला गुण कोणत्या रकान्यात देणार?’’ असे त्यांनी मला विचारले. रंगमंचावर यंत्र बंद झाले आणि नायिकेने वृक्षतोड, प्रदूषण व हुंडा यांवर भाषण केले. तिला वाचिक अभिनयाचे उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. भाषणातून लेखिकेचा काव्यात्म पिंड दिसतो, असे परीक्षक म्हणाले. त्यातले एक अक्षरही माझे नव्हते.

तिसरे गृहस्थ घरीच आले. एसटी डेपोत मेकॅनिक होते, आणि पोलादपूरहून कुडपणकडे चढणाऱ्या वाटेवरच्या एका गावात नमनाच्या, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याच्या, खेळाचे बुवा. ‘‘बाय, तुमची मशिनीची गोष्ट रेडिओवर ऐकली. औंदा आमच्या नमनात घेतो. पण आधी गण, मग गवळण, मग तुमची नदी.’’

‘‘तीनशे वर्षांनंतर गवळणी कुठल्या?’’

‘‘गवळणीबिगर नमन नाय होत. तीनशे वर्सांनी पण नाय.’’

मी बासरी आणि हुंडा दोन्ही सोसले होते. गवळणींना हो म्हटले. शांततेचा विषय मात्र काढला. बुवांनी मान हलवली. ‘‘मृदुंग म्हंजेच आमची मशीन. पण खेळ उभा असताना मृदुंग मधीच थांबत नाय. देवीचा खेळ हाय. देवीला इचारावं लागंल.’’

आठवड्याने निरोप आला: गावदेवीला कौल लावला होता, आणि उजवीकडचे फूल पाडून तिने उजवा दिला, म्हणजे होकार. रेडिओच्या अधिकाऱ्यांना जी परवानगी वरून कधीच मिळाली नसती, ती देवीने एका फुलावर दिली होती.

मे महिन्यात मुंबईकर गावी आलेले असताना, दिवेलागणीला खेळ उभा राहिला. गणपती नाचून गेला. गवळणी बाजाराला निघाल्या, कृष्ण आडवा आला, आणि लुगड्यातल्या मिशाळ मावशीने पात्राकडे बघून कपाळ बडवले, ‘‘नदी आटली गो! आता दुधात पानी कुठनं घालायचं?’’ मांडव हसून लोळला. ‘‘मावशे, टँकर बोलव!’’ कोणी मुंबईकर ओरडला. पतीशेजारी मी पदराआड तोंड घेऊन कृतार्थतेऐवजी भयाने बसले होते. मृदुंग अखंड घुमत होता.

मग कळ दाबणारी बाई आली. तीही मिशाळच होती. तिने मृदुंगाच्या पुड्यावर हळूच तळवा ठेवला.

मृदुंग थांबला.

कोणी खोकले नाही. फुफाट्याचा आणि घामाचा वास एकदम जवळ आला, अबोलीचे गजरे, उदबत्त्या, लुगड्यांची खळ, सगळे आपापल्या जागी जाणवू लागले. माझ्या अकरा ओळींत यांतले काहीच नव्हते. मला राहवले नाही. मी पतीच्या दंडाला धरले आणि म्हणाले, ‘‘हीच! ऐकलीत? मी लिहिलेली शांतता हीच!’’

पुढच्या रांगेतल्या म्हातारीने मान वळवली.

‘‘गप गो बाय,’’ ती म्हणाली. ‘‘ऐकू दे.’’