दुप्पट फक्की

आमच्या मैदानावर कबड्डीच्या रेघा आखणारा माणूस सामना कधीच बघत नाही, नुसते पाय बघतो. कोण जिंकलं ते त्याला ठाऊक नसतं. कुणाची टाच कुठे पडली, ते मात्र तो आठवडाभर सांगत फिरतो. पांढऱ्या फक्कीचा भोकं पाडलेला डबा हलवत तो उलटा चालतो आणि रेघ वाकडी गेली की तिलाच दटावतो, "कुठं चालली माय तू?"

परवा देऊळघाटच्या पोरींशी खेळताना शेवटच्या चढाईत माझ्या मुलीचा पाय रेघेबाहेर पडला आणि आम्ही एका गुणाने हरलो. हारजीत चालायचीच, हे माझं भाषण तिने पाठ फिरवून ऐकलं. ती त्या विस्कटलेल्या रेघेपाशीच बसून राहिली.

रेघा आखणारा आपला डबा घेऊन आला. "काऊन रडून राह्यली वं?"

"माह्यामुळं हरलो."

"हाव," तो म्हणाला. मला रागच आला. "पण इथं फक्की जाड काऊन हाय, सांग? सारेच इथं चुकते. म्हून मी सकाळीच दुप्पट टाकतो."

तिने बोटाने चाचपून पाहिलं. मग नाक पुसून डबा मागितला. तिची रेघ वाकडी गेली, तेव्हाही त्याने दटावलं ते रेघेलाच.