पाचशे चाळीस अंश

बेरीज दीड मिनिटानं चुकत होती, आणि संध्याकाळी माझं मुंबईचं फ्लाइट होतं.

मी सर्व्हेयर. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर शारजात, अल नहदाला, एका टॉवरचा प्लॉट मोजत होतो. पाच कोपरे, पाच खुंट्या. प्रत्येकीवर यंत्र लावून आतला कोन मोजायचा. पाचांची बेरीज पाचशे चाळीस अंश यायलाच हवी. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. ऐकायला किरकोळ, पण टॉवर वाकडा बसायला पुरतो.

तिकडे वाईला नाना, माझे वडील, अंथरुणाला खिळलेले. गणिताचे मास्तर. दोन वर्षं त्यांना पाहिलं नव्हतं. दर शुक्रवारी फोनवर आमचा ठरलेला वाद. मी म्हणायचो, गणित माणसानं रचलं. ते म्हणायचे, "अरे गाढवा, वर्तुळाचे तीनशे साठ भाग आपण पाडले. पण त्रिकोणाचे तिन्ही कोन शेजारी ठेवले की सरळ रेष होते, ती कुणी केली? ती होतीच. आपल्याला सापडली." त्या 'गाढवा'साठी जीव तुटायचा.

"देसाईसाहेब, परत मोजावं लागेल," मी ऑफिसात माझ्या साहेबांना म्हणालो.

तिकडच्या रीतीनं माझा पासपोर्ट साहेबांच्याच ड्रॉवरमध्ये. ते म्हणाले, "जोशी, पाचही कोनांत थोडं थोडं वाटून टाक ना! गणित माणसानंच केलंय. यल्ला, चल, ड्रॉइंग दे, पासपोर्ट घे, खलास!"

माझंच वाक्य माझ्या तोंडावर. चूक अशी कोनांत वाटतात, नाही असं नाही. पण चार-दोन सेकंदांची, म्हणजे मिनिटाच्या साठाव्या भागांची; दीड मिनिटाची नाही. पेन उचललंही होतं. मग वाटलं, नानांना कुठल्या तोंडानं सांगू?

साइटवर गेलो. फोरमन गुलखान खाली मान घालून म्हणाला, "साब, एक खूँटी नमाज़ में माथे को चुभती थी। निकाली, फिर वहीं लगा दी।"

'वहीं' म्हणजे दोन बोटं बाजूला. तेही माझा पहिला कोन मोजून झाल्यावर; म्हणजे एक कोन खुंटीच्या जुन्या जागेचा, बाकीचे नव्या. चिडणार कुणावर? खुंटी मूळ जागी ठोकली, पाचही कोन नव्यानं मोजले. बेरीज मुकाट्यानं जुळली. फ्लाइट गेलं.

दोन दिवसांनी वाईला पोचलो. आदल्याच दिवशी नानांची वाचा गेली होती. वेळेवर निघालो असतो, तर आवाज ऐकायला मिळाला असता. सगळं सांगितलं. म्हटलं, "नाना, तुम्ही जिंकलात. बेरीज माझं ऐकेना." त्यांनी माझा हात ओढला आणि तळव्यावर बोटानं लिहिलं: पाच, चार, शून्य.

मला फक्त एकदा 'गाढवा' ऐकायचं होतं. ते राहिलंच.

नव्या सर्व्हेयरांना मी एवढंच सांगतो: खुंटी ठोकण्याआधी विचारा, नमाज कुठं पढता? बेरीज कुणासाठी बदलत नाही, आणि फ्लाइट कुणासाठी थांबत नाही.